मूल इयत्तेनुसार शिकते आहे का, हे शाळेला कसे विचारावे

प्रगतिपुस्तकातील श्रेणीवरून मूल आपल्या इयत्तेनुसार शिकते आहे की नाही, हे नेमके कळत नाही. म्हणून शाळेत जाण्याआधी पालकांनी घरीच वीस मिनिटे काढावीत. तिसरी संपताना मुलाला अनोळखी मजकूर मिनिटाला किमान 60 शब्द या गतीने समजून वाचता यावा आणि 9,999 पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात, असे 2021 साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्ट आहे.

मजकूर मात्र पाठ्यपुस्तकातला घेऊ नये. माझी भाची चौथीत असताना बालभारतीतला धडा घडाघडा वाचून दाखवत असे. एकदा तिचे बोट तिसऱ्या ओळीवर आणि तोंडी पाचवी ओळ, हे माझ्या लक्षात आले. जिन्यापाशी लावलेली पाणीकपातीची सूचना वाचायला सांगितली, तेव्हा ‘पाणीपुरवठा’ या शब्दापाशी ती थांबली ती थांबलीच. गणितासाठी 52 वजा 27 हे उदाहरण उभ्या मांडणीत द्यावे. उत्तर 35 आले, तर मुलाने 7 मधून 2 वजा केले आहेत, म्हणजे दशक सुटा करणे त्याला समजलेलेच नाही. हे सारे तारखेसह वहीत लिहून ठेवावे.

ती वही घेऊन वर्गशिक्षकांना भेटावे. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 24 नुसार प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पडताळणे, गरज असेल तिथे जादा शिकवणे आणि मुलाची प्रगती पालकांना सांगणे हे शिक्षकांचे कर्तव्य आहे. त्यामुळे आपण काही मेहेरबानी मागत नाही. ‘पास होईल ना?’ असे न विचारता ‘वर्गातील किती मुलांना हातच्याची वजाबाकी येत नाही आणि त्यांना जादा वेळ केव्हा मिळणार?’ असे विचारावे. शिक्षकांना धारेवर मात्र धरू नये. त्याच कायद्याने त्यांना निवडणूक आणि जनगणनेची कामे दिली जाऊ शकतात, आणि त्यात शिकवण्याचे किती दिवस गेले, हाही विचारण्याजोगाच प्रश्न आहे.

महापालिकेच्या व अनुदानित शाळांत पुढची पायरी शाळा व्यवस्थापन समितीची. तिच्यात 75 टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. विषय लेखी द्यावा, निर्णय इतिवृत्तात नोंदवून घ्यावा, आणि पाळीत काम करून लोकलने घरी परतणाऱ्या पालकांना येता येईल अशी सभेची वेळ आग्रहाने मागावी. दुपारी दोनच्या सभेला मुंबईत कोण पोहोचणार?

राज्याने 2023 मध्ये पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणली असून, पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण झालेले मूल त्याच वर्गात राहते. यामुळे शाळांना जबाबदारीची जाणीव होईल, असे अनेकजण मनापासून मानतात. मला ते पटत नाही, कारण चार वर्षे न शिकवल्याची शिक्षा इथे दहा वर्षांच्या मुलाला मिळते आणि शाळेला साधा खुलासाही द्यावा लागत नाही. म्हणून हा प्रश्न पाचवीच्या मार्चमध्ये नव्हे, तिसरीच्या जूनमध्ये विचारावा. पुनर्परीक्षेची वेळ आलीच, तर मधल्या काळात कोण, कोणत्या दिवशी, काय शिकवणार, हे लेखी मागावे.

दिवाळीची सुट्टी संपली की तीच वही उघडावी, नवा उतारा आणि 63 वजा 28 द्यावे, आणि दोन्ही तारखांची पाने शेजारी ठेवून पुढच्या सभेत मांडावीत.