कर्करुग्णाच्या विचारपुशीला जाताना

तासगाव-कराडकडच्या एखाद्या घरात गाठीचा रिपोर्ट आला की आठवडाभरात शहाळी घेऊन पाहुणे येऊ लागतात, आणि प्रकृतीची चौकशी संपते न संपते तोच 'काकी सगळं मनातल्या मनात कुढत राहिल्या, म्हणून हे झालं' असे कोणीतरी बोलून जाते. हे वाक्य आपल्या तोंडून निघू नये असे वाटत असेल, तर ते चुकीचे का आहे हे घरातून निघण्यापूर्वीच समजून घ्यावे.

खिन्न स्वभावाच्या स्त्रियांना स्तनाचा कर्करोग अधिक होतो, हे मत रोमन काळातील वैद्य गॅलेनइतके जुने आहे. जुने आहे म्हणून खरे मात्र नाही. २०१३ मध्ये युरोपातील सुमारे १,१६,००० स्त्री-पुरुषांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात कामाच्या ताणाचा आतडे, फुप्फुस, स्तन किंवा प्रोस्टेटच्या कर्करोगाशी संबंध आढळला नाही. पेशींचे विभाजन होताना जनुकांत साठत गेलेल्या बिघाडांतून हा रोग उद्भवतो. त्यांतील काही बिघाड वारशाने येतात, काही विषाणूंमुळे किंवा तंबाखूमुळे होतात, आणि कित्येक तर कोणाचाही दोष नसताना आपोआप घडतात. 'सकारात्मक राहा, बरे व्हाल' हा उपदेशही म्हणूनच टाळावा, कारण उपचारांना यश आले नाही तर त्याचा दोषही रुग्णाच्याच माथी येतो.

अवघड प्रसंग मिश्रीचा आहे. मिश्री आणि तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग होतो यात शंका नाही, आणि ते लपवूही नये. पण कारण ठाऊक असणे वेगळे आणि अंथरुणावरच्या माणसाला 'मी तेव्हाच सांगत होतो' असे ऐकवणे वेगळे. लहानपणी घरातल्या मोठ्या बायकांचे पाहून लागलेली सवय ही केवळ एकट्या बाईची निवड नसते. निदानानंतरही तंबाखू सोडल्यास जखमा लवकर भरतात आणि किरणोपचारांचा त्रास कमी होतो, म्हणून 'सुटत नसेल तर डॉक्टरांनाच औषध विचारू या' असे म्हणावे. प्रतिबंधाचे व्याख्यान द्यायचेच असेल, तर ते ओसरीवर बसून गुटखा खाणाऱ्या पुतण्याला द्यावे.

आजार कशाने झाला हे विचारण्याऐवजी कामाचे विचारावे. किरणोपचार बहुधा आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे चालतात. तेव्हा मिरजेला रोज सोबत कोण जाणार, महात्मा फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे कोण जुळवणार, हे प्रश्न खरे असतात. रुग्णानेच 'मी असं काय पाप केलं?' असे विचारले, तर 'काही नाही, काकी' एवढेच म्हणून त्यांचे बोलणे ऐकून घ्यावे. दुसऱ्या कोणी त्यांच्यासमोर स्वभावाचा विषय काढलाच, तर त्याच्याशी वाद घालू नये. काकींकडे वळून सांगावे, 'उद्या धार मी काढतो, दूध डेअरीला घालून येतो, मग आपण निघू.'