केमिस्ट्रीच्या जर्नलला पहिला पेपर पाठवताय? मग एसआयपासून सुरुवात करा

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाच्या आसपास गाईड एक दिवस म्हणतात, चला, आता लिहायला घ्या. मग आपण वर्ड उघडतो, वरती टायटल टाइप करतो आणि इंट्रोडक्शनच्या पहिल्या वाक्यावर आठवडाभर अडकून बसतो. माझंही तेच झालं होतं, आणि नंतर ज्या ज्युनिअर पोरापोरींना मदत केली त्या सगळ्यांचं पण तेच. म्हणून इथे ऑरगॅनिक सिंथेसिसचा, म्हणजे एखादी नवीन मेथड आणि तिच्यातून बनवलेले वीसेक कंपाउंड असा पेपर डोळ्यासमोर ठेवून सगळं क्रमाने लिहितोय. माझं ठाम मत असं की पेपर लिहायची सुरुवात एसआयपासून करायची. एसआय म्हणजे सपोर्टिंग इन्फर्मेशन, ती जोडफाईल जिच्यात सगळ्या प्रोसिजर आणि स्पेक्ट्रा असतात. बहुतेक जण ती शेवटच्या दोन रात्रींत उरकतात आणि नेमके तिथेच पकडले जातात.

पहिली पायरी: डेटा एका जागी आणा

प्रत्येक कंपाउंडचं एक फोल्डर करा. त्यात प्रोटॉन एनएमआर आणि कार्बन एनएमआर (रेणूतले हायड्रोजन आणि कार्बन दाखवणारे स्पेक्ट्रा), एचआरएमएस (रेणूचं अचूक वजन), सॉलिड असेल तर मेल्टिंग पॉइंट, आणि लॅब नोटबुकचा पान नंबर. एनएमआरची नुसती पीडीएफ ठेवू नका, मशीनवरची मूळ एफआयडी फाईल, म्हणजे कच्चा डेटा, पण ठेवा, कारण आता बरीच जर्नलं ती मागतात आणि ज्या सेंटरमध्ये सॅम्पल पाठवलं तिथे दोन वर्षांनी डेटा मिळेलच याची खात्री नसते.

मग एकेक कंपाउंड तपासायला बसा. उदाहरण म्हणून साधं पॅरा-मेथॉक्सी ॲसिटॅनिलाइड घ्या. फॉर्म्युला सी ९ एच ११ एन ओ २. म्हणजे प्रोटॉनमध्ये एकूण ११ हायड्रोजन भरले पाहिजेत: दोन मिथाइलचे तीन-तीन, रिंगवरचे दोन डबलेट मिळून चार, आणि एक एनएच. कार्बन ९ आहेत पण सिग्नल ७ च दिसणार, कारण रिंगवरच्या कार्बनच्या दोन जोड्या सारख्या आहेत. हा हिशोब प्रत्येक कंपाउंडसाठी कागदावर मांडा. सिग्नल कमी पडले तर का पडले याचं उत्तर तुमच्याकडे हवं (सिमेट्री आहे, की दोन पीक एकावर एक आलेत, की स्कॅनच कमी घेतले), आणि जास्त आले तर ते कुठून आले हेही सांगता आलं पाहिजे. फ्लोरिन असेल तर कार्बनचे पीक फुटतात, तिथे कपलिंग कॉन्स्टंट (फुटलेल्या पीकमधलं अंतर) द्यायचा, फुटलेले दोन पीक दोन वेगळे कार्बन म्हणून मोजायचे नाहीत.

रेफरन्सिंग, म्हणजे कुठल्या पीकवरून स्केल लावला ते, सगळीकडे एकच ठेवा. सीडीसीएल थ्रीमध्ये प्रोटॉनला ७.२६ आणि कार्बनला ७७.१६, डीएमएसओ डी-सिक्समध्ये २.५० आणि ३९.५२. निम्मे स्पेक्ट्रा टीएमएसवर (सॅम्पलमध्ये टाकायचं रेफरन्स कंपाउंड) आणि निम्मे सॉल्व्हंटवर असं असेल तर ते लिहा तरी. कपलिंग कॉन्स्टंट हर्ट्झमध्ये एका दशांशापर्यंत, आणि एकमेकांशी कपल होणाऱ्या दोन प्रोटॉनची 'जे' (J) व्हॅल्यू, म्हणजे हाच कॉन्स्टंट, जुळली पाहिजे, एकीकडे ८.९ आणि दुसरीकडे ७.४ असेल तर रिव्ह्यूअर तिथेच थांबतो.

एचआरएमएसमध्ये एक छोटी चूक खूप ठिकाणी दिसते. वरच्याच कंपाउंडच्या एम प्लस एच आयनचं (रेणू अधिक एक प्रोटॉन) वजन काढताना लोक पूर्ण हायड्रोजनचं वजन मिळवतात आणि १६६.०८६८ लिहितात. पण आयनमधून एक इलेक्ट्रॉन गेलेला असतो, त्याचं वजन वजा केलं की बरोबर आकडा येतो १६६.०८६३. फरक नगण्य वाटतो, पण जर्नल ऑफ ऑरगॅनिक केमिस्ट्रीला, म्हणजे आपण ज्याला जेओसी म्हणतो त्याला, मोजलेली आणि काढलेली किंमत ०.००३ च्या आत जुळायला हवी असते, त्यात हा साधारण ०.०००५ चा फरक उगाच आपल्या अंगावर येतो. एचआरएमएसऐवजी एलिमेंटल ॲनालिसिस देत असाल तर फरक ०.४ टक्क्यांच्या आत हवा.

आता इथे जरा थांबून माझीच गोष्ट सांगतो. पहिल्या पेपरला एका कंपाउंडचं यील्ड ९१ टक्के लिहिलं होतं आणि एसआयमधल्या त्याच्या स्पेक्ट्रममध्ये ४.१२ ला क्वार्टेट, २.०५ ला सिंगलेट आणि १.२६ ला ट्रिपलेट दिसत होते. इथाइल ॲसिटेट. कॉलममधून आलेल्या फ्रॅक्शनचा सॉल्व्हंट रोटावर (रोटरी इव्हॅपोरेटरवर) उडवला, हाय व्हॅक्यूमवर पुरेसं ठेवलं नाही, वजन करून मोकळा झालो. रिव्ह्यूअरने एवढंच लिहिलं की यील्डमध्ये सॉल्व्हंटचं वजन धरलेलं दिसतंय, मग बाकीच्या यील्डवर विश्वास कसा ठेवायचा? सॅम्पल संपलेलं होतं, स्टार्टिंग मटेरियलपासून पुन्हा बनवावं लागलं, अख्खा पावसाळा त्यात गेला. खरं यील्ड ८२ निघालं. ८२ लिहिलं असतं तरी पेपर तितकाच चांगला होता हे आजही मला टोचतं. म्हणून सॉल्व्हंटच्या खुणा पाठच करा: डायक्लोरोमिथेन ५.३०, ॲसिटोन २.१७, पाणी १.५६ (हे सगळे सीडीसीएल थ्रीमधले). हे पीक दिसले की सॅम्पल पुन्हा सुकवा आणि पुन्हा स्पेक्ट्रम घ्या.

आणि पीक पुसायचा विचार मनात आणू नका, कोणी सिनिअरने सांगितलं तरी. २०१३ मध्ये ऑरगॅनिक लेटर्सच्या संपादकांनी संपादकीय लिहून जाहीर केलं होतं की एसआय तपासायला खास डेटा ॲनालिस्ट नेमलाय आणि इम्प्युरिटीचे पीक खोडलेले स्पेक्ट्रा सापडलेत. बेसलाइनमध्ये कापलेली जागा झूम केल्यावर सरळ दिसते. छोटी इम्प्युरिटी आहे असं प्रामाणिकपणे लिहिलेलं चालून जातं, खोडलेलं कधीच नाही.

क्रिस्टल स्ट्रक्चर असेल तर सबमिट करायच्या आधी सीआयएफ फाईल (स्ट्रक्चरचा डेटा) चेकसीआयएफ या तपासणी प्रोग्रॅममधून काढा, ए आणि बी अलर्ट (सगळ्यात गंभीर इशारे) आले तर त्यांचं उत्तर तयार ठेवा, आणि केंब्रिजच्या सीसीडीसी या क्रिस्टल डेटा सेंटरमध्ये जमा करून नंबर घ्या. तो नंबर पेपरमध्ये लागतो.

दुसरी पायरी: जर्नल ठरवा

इथे इम्पॅक्ट फॅक्टर बघण्याआधी स्वतःच्या रेफरन्स लिस्टकडे बघा. तुम्ही ज्यांचे पेपर वाचून हे काम केलं ते कुठे छापून आलेत? तुमचा वाचक तिथेच आहे. छोटं पण एकदम नवीन काम असेल तर ऑरगॅनिक लेटर्स, तिथे लांबीला मर्यादा असते आणि एक्सपेरिमेंटल सगळं एसआयमध्ये जातं. सविस्तर काम असेल तर जेओसी, तिथे एक्सपेरिमेंटल सेक्शन मेन पेपरमध्येच असतो. आपल्याकडचं बघायचं तर बंगळुरूच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसचं जर्नल ऑफ केमिकल सायन्सेस आहे, तिथे चांगलं काम पाठवायला लाजण्यासारखं काहीच नाही.

पैशांचं आधी समजून घ्या, स्कॉलरशिपवर जगणाऱ्याला हे माहीत असलंच पाहिजे. सबस्क्रिप्शन जर्नलमध्ये साध्या मार्गाने छापलं तर सहसा लेखकाला फी नसते. ओपन ॲक्सेस जर्नलला, उदाहरणार्थ आरएससीचं (ब्रिटनची रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री) आरएससी ॲडव्हान्सेस (२०१७ पासून पूर्ण ओपन ॲक्सेस) किंवा एसीएसचं (अमेरिकन केमिकल सोसायटी) एसीएस ओमेगा, एपीसी म्हणून छापण्याची फी असते आणि ती मोठी असू शकते, सवलत आहे का ते सबमिट करण्याआधीच वेबसाइटवर बघा. आणि 'डियर एमिनंट रिसर्चर' असं म्हणत पाच दिवसांत छापून देतो सांगणारे मेल येतात ना, त्यांना उत्तरच देऊ नका. तिथे एकदा छापलेलं काम परत चांगल्या जर्नलला देता येत नाही, तुमची तीन वर्षं कायमची तिथे पडून राहतात.

तिसरी पायरी: लिहायला बसा

एसआय झालं असेल तर हे वाटतं त्यापेक्षा सोपं जातं. आधी स्कीम आणि टेबलं करा, मग त्यांच्याभोवती रिझल्ट्स लिहा, मग कन्क्लुजन, मग इंट्रोडक्शन, ॲब्स्ट्रॅक्ट सगळ्यात शेवटी. स्ट्रक्चर काढताना केमड्रॉ या स्ट्रक्चर काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये फाईल मेनूतून एसीएस डॉक्युमेंट १९९६ ची सेटिंग लावा, बाँडची लांबी १४.४ पॉइंट आणि एरियल १० मध्ये सगळं एकसारखं येतं. नंतर वर्डमध्ये कोपरा ओढून चित्र लहान-मोठं करू नका, सगळं बिघडतं. टीओसी ग्राफिक, म्हणजे ते ॲब्स्ट्रॅक्टजवळचं छोटं चित्र, एसीएसला बहुतेक ठिकाणी ८.२५ बाय ४.४५ सेंटिमीटर लागतं, त्यात एक रिॲक्शन आणि तीन-चार शब्द, बास. गुगलवरून उचललेलं चित्र तिथे टाकू नका.

प्रोसिजर लिहिताना असा विचार करा की धारवाडला नाहीतर ओसाकाला कोणीतरी ती वाचून रिॲक्शन लावणार आहे. किती मिलिग्रॅम, किती मिलिमोल, कुठला सॉल्व्हंट किती मिलिलिटर, किती तास, कॉलमला कुठलं मिक्श्चर. गरम केलं तर कशावर केलं, ऑइल बाथ की हीटिंग ब्लॉक, हे जेओसीला लिहून हवं असतं. आणि नवीन मेथड असेल तर निदान एक रिॲक्शन १ मिलिमोल किंवा त्याहून मोठ्या स्केलवर करून ठेवा, नाहीतर ते काम रिव्हिजनमध्ये येणारच.

मराठी मिडियमवाल्यांना इंग्रजीची फार धास्ती असते. मी स्वतः दहावीपर्यंत मराठीत शिकलोय. साधी, छोटी, भूतकाळातली वाक्यं लिहा, रिव्ह्यूअरला तेच हवं असतं. 'नॉव्हेल', 'एफिशियंट', 'ग्रीन' हे शब्द जिथे खरंच सिद्ध केलेत तिथेच वापरा. दुसऱ्याच्या पेपरमधलं वाक्य चिकटवून दोन शब्द बदलायचे हे मात्र अजिबात नको, सॉफ्टवेअर पकडतं आणि नाही पकडलं तरी ते तुमचं नाही. एआयकडून भाषा सुधारून घेतली तर जर्नलचा नियम वाचून तसं नमूद करा. एआयला ऑथर म्हणून घालता येत नाही आणि चुकीचा रेफरन्स आला तर जबाबदार तुम्हीच.

चौथी पायरी: नावं

हे पेपर लिहायच्या आधीच व्हायला हवं. कोण ऑथर, कुठल्या क्रमाने, कॉरस्पॉन्डिंग कोण, हे गाईडसमोर बसून ठरवा, आणि एनएमआर नुसता रन करून देणाऱ्यांचे आभार ॲकनॉलेजमेंटमध्ये माना. आपल्याकडे अजून एक घोळ असतो. पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव यातलं काय आणि कसं लिहायचं ते एकदाच ठरवा, कारण एस. पाटील नावाचे केमिस्ट शेकड्यांनी आहेत. लग्नानंतर नाव बदललं तर जुने पेपर वेगळ्याच माणसाचे वाटायला लागतात. म्हणून ऑर्किड (ORCID, संशोधकाचा ओळख नंबर) काढा, फुकट आहे, १६ अंकी नंबर मिळतो आणि नाव कसंही लिहिलं तरी सगळे पेपर त्या नंबरखाली राहतात.

पाचवी पायरी: सबमिट

पेपर ऑनलाइन सिस्टिममधून पाठवायचा असतो: एसीएसला पॅरागॉन प्लस, आरएससीला स्कॉलरवन, एल्सेव्हियरला एडिटोरियल मॅनेजर. नावं वेगळी पण मागणी तीच: मॅन्युस्क्रिप्ट, एसआय, टीओसी, कव्हर लेटर, रिव्ह्यूअरची नावं. कव्हर लेटर एका पानाच्या आत. काय केलं, आधी काय जमत नव्हतं जे आता जमतं, आणि हे काम दुसरीकडे कुठे पाठवलेलं नाही. ॲब्स्ट्रॅक्ट तिथे कॉपी करू नका, एडिटर तो पुढच्या मिनिटाला वाचणारच आहे. रिव्ह्यूअर म्हणून तुमच्या गाईडच्या मित्रांची किंवा जुन्या सहकाऱ्यांची नावं देऊ नका, त्या विषयात खरं काम करणाऱ्यांची द्या आणि त्यांचा संस्थेचा ईमेल द्या. शेवटी सिस्टिम जी एकत्र पीडीएफ बनवते ती पूर्ण उघडून बघा, फक्त पहिलं पान नाही. डेल्टाच्या जागी चौकोन छापलेले मी डोळ्यांनी बघितलेत.

सहावी पायरी: उत्तर आल्यावर

पेपर नाकारला गेला तर एक दिवस वाईट वाटू द्या आणि मग दुसऱ्या जर्नलची तयारी करा, पण आधीच्या कॉमेंट्समधलं जे पटण्यासारखं आहे ते सुधारूनच, कारण तोच रिव्ह्यूअर तिकडेही भेटू शकतो. मेजर रिव्हिजन आलं तर ते चांगलंच आहे, दार उघडं आहे. प्रत्येक कॉमेंट जशीच्या तशी कॉपी करा, खाली उत्तर लिहा, पेपरमध्ये कुठल्या पानावर काय बदललं ते सांगा. रिव्ह्यूअर चुकतोय असं वाटलं तर तसं म्हणायला हरकत नाही, पण सोबत डेटा किंवा रेफरन्स द्या. एखादा एक्सपेरिमेंट मागितलाय आणि तो दोन दिवसांत होतो, तर वाद घालण्यापेक्षा करून टाका. वेळ कमी पडत असेल तर तारीख उलटण्याआधी एडिटरला मेल करा, वाढवून देतात.

ॲक्सेप्ट झाल्यावर प्रूफ, म्हणजे छापण्याआधीची शेवटची प्रत, येतं आणि ते परत पाठवायला दोन-तीन दिवसच मिळतात. नावं, संस्थेचा पत्ता, ग्रँट नंबर, कंपाउंडचे नंबर आणि स्कीममधले सबस्क्रिप्ट हे एकदा तुम्ही आणि एकदा लॅबमधल्या दुसऱ्या कोणीतरी वाचा. आणि ते फोल्डर, एफआयडीवालं, हार्ड डिस्कवर आणि अजून एका जागी ठेवून लेबल लावा, सॅम्पलच्या व्हायलवर पण पेपरमधला नंबर लिहा, पुढच्या वर्षी तुमच्या जागी येणाऱ्या ज्युनिअरला 'थ्री-जी' नंबरचं कंपाउंड म्हणजे नेमकं काय ते विचारायला तुम्हाला फोन करावा लागू नये.