मद्यमुक्तीसाठी घराजवळचा स्वमदत गट कसा शोधावा

दारू सोडायचे ठरवलेल्या माणसाला बहुतेक जण व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता देतात. केंद्रातला मुक्काम मात्र केव्हातरी संपतो, आणि त्यानंतरची वर्षे ज्या स्वमदत गटाच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेल्या गटाच्या, आधाराने काढायची, तो घरापासून किती अंतरावर आहे, याचा विचार सहसा कोणी करत नाही. पावसाळ्यातल्या संध्याकाळीही कंटाळा न करता जाता येईल असा साधा गट दूरच्या नामांकित गटापेक्षा अधिक कामाचा असतो, हे धरूनच शोधाला लागावे.

त्याआधी प्रकृतीचा विचार आवश्यक आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केल्यास पहिल्या काही दिवसांत हात थरथरणे, घाम सुटणे, झोप उडणे असा त्रास होतो. काहींना फिट येते, भास होतात, आणि वेळीच उपचार न झाल्यास ते जिवावर बेतू शकते. अशा व्यक्तीने आधी मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा जिल्हा रुग्णालयात जावे. स्वमदत गटात डॉक्टर नसतो आणि औषधही मिळत नाही. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर दिसतात, त्यांच्या वाटेला तर मुळीच जाऊ नये. दारूशी रिअॅक्शन होणारे औषध न सांगता जेवणात मिसळणे हा धोकादायक प्रकार आहे.

आपल्याकडे सर्वांत सहज सापडणारे गट अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचे, म्हणजे बोलीत ‘एए’चे. ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. सभासद होण्यासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट असते. फी नसते, आणि खर्च सभासदांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागतो. एएच्या भारतातील संकेतस्थळावर शहरानुसार मीटिंगची माहिती मिळते. तेथील क्रमांकावर फोन केला की बहुधा स्वतः दारू सोडलेला सभासदच बोलतो, त्यामुळे प्रास्ताविक फार करावे लागत नाही. मीटिंग कोणत्या भाषेत चालते, खोली नेमकी कोठे आहे आणि मीटिंग ‘ओपन’ आहे की ‘क्लोज्ड’, हे तीन प्रश्न विचारून घ्यावेत. ओपन मीटिंगला नातेवाईक आणि इतर लोकही बसू शकतात, तर क्लोज्ड मीटिंग केवळ मद्यपींसाठी असते. शाळेचा वर्ग किंवा चर्चचा हॉल अशा ठिकाणी मीटिंग भरतात आणि जागा बदलतही असतात, म्हणून निघण्यापूर्वी पुन्हा एकदा खात्री करावी.

दुसरा मार्ग व्यसनमुक्ती केंद्रांचा. पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण किंवा फादर जो परेरा यांनी वांद्र्यात स्थापन केलेले कृपा फाउंडेशन अशा संस्थांकडे उपचारानंतरच्या पाठपुराव्याची चौकशी करता येते, आणि आपल्या भागात कोणता गट चालतो हेही विचारता येते. काहीच धागा सापडत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे.

मीटिंगची वेळ निवडताना आपली पिण्याची वेळ लक्षात घ्यावी. संध्याकाळी सातला पाय आपोआप दुकानाकडे वळत असतील, तर सातचीच मीटिंग पाहावी. सकाळच्या मीटिंगने तो तास भरून निघत नाही.

पहिल्या दिवशी दहा मिनिटे आधी पोहोचावे. एक सभासद मीटिंग चालवतो, प्रार्थना होते आणि मग एकेक जण ‘माझं नाव अमुक, मी मद्यपी आहे’ असे म्हणून आपला अनुभव सांगतो. मध्येच कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही. नवख्याने केवळ नाव सांगून ‘आज मी ऐकतो’ म्हटले तरी चालते. आडनाव, नोकरी, जात कोणी विचारू नये असा तेथील संकेत आहे. प्रार्थनेतल्या देवामुळे काही जण बिचकतात. एएमध्ये ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे देव मानावा अशी मोकळीक आहे आणि नास्तिकही तेथे टिकतात. तरीही मन घेत नसेल तर समुपदेशकाने चालवलेला गट शोधावा, त्यात कमीपणा नाही.

एका मीटिंगवरून मत बनवू नये. तोच गट चार-पाच वेळा आणि जमल्यास दुसरा एखादा गटही पाहावा. पाहण्याजोगी गोष्ट अशी की दारू सोडून बरीच वर्षे झालेली माणसे अजून येत आहेत का, आणि ‘स्लिप’ होऊन, म्हणजे मध्येच पुन्हा पिऊन, परतलेल्याला कशी वागणूक मिळते. ऐकलेले बाहेर सांगणारा, पैशांचा आग्रह धरणारा किंवा डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायला सांगणारा गट सरळ सोडावा. स्त्रियांनी महिलांची स्वतंत्र मीटिंग आहे का, हे फोनवरच विचारावे. पुरुषांनी भरलेल्या खोलीत अनेकींना बोलणे अवघड जाते.

घरच्यांसाठी अल-अॅनॉन हे वेगळे गट असतात. पिणारा अजून तयार नसला तरी पत्नीने किंवा आईने तेथे जायला हरकत नाही. त्यासाठी त्याच्या होकाराची वाट पाहू नये.

तालुक्यात गटच नसेल तर तूर्त ऑनलाइन मीटिंगला बसावे आणि जवळच्या शहरातल्या गटाशी संपर्क ठेवावा. एएच्या परंपरेनुसार दारूपासून दूर राहण्यासाठी एकत्र आलेले दोन-तीन मद्यपीही स्वतःला गट म्हणवू शकतात, मात्र गट म्हणून त्यांचा इतर कोणत्या संस्थेशी संबंध नसावा. नवा गट सुरू करताना शहरातल्या एखाद्या जुन्या सभासदाला पहिल्या काही मीटिंगसाठी बोलावून घ्यावे.