बी.ए.ला इंग्रजी स्पेशल घेतले आहे? मग या चुका टाळा

तालुक्याच्या गावातील एका लहान महाविद्यालयात मी गेली 22 वर्षे इंग्रजी शिकवत आहे. विभागात आम्ही दोघेच असून त्यातील एक जण तासिका तत्त्वावर काम करतात. तृतीय वर्षाला इंग्रजी स्पेशल घेणारे विद्यार्थी कधी आठ असतात, कधी बारा. चेहरे दरवर्षी बदलतात, चुका मात्र त्याच राहतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे मूळ पुस्तक न उघडता गाइडवर विसंबणे. काही वर्षांपूर्वी अंतर्गत परीक्षेत इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’ या 1879 सालच्या नाटकावर मी प्रश्न विचारला होता. अकरापैकी नऊ उत्तरपत्रिकांत एकच वाक्य होते: नोराने कर्ज काढण्यासाठी पतीची खोटी सही केली. हे साफ चूक आहे. पतीच्या उपचारासाठी इटलीला जाता यावे म्हणून नोरा क्रोग्स्टॅडकडून कर्ज काढते आणि जामीन म्हणून वडिलांची सही स्वतःच करते. वडील 29 सप्टेंबरला वारलेले असतात आणि कागदावरील सहीखाली 2 ऑक्टोबर ही तारीख असते. क्रोग्स्टॅड तिला पकडतो तो या तीन दिवसांच्या फरकावरून. चौकशी केली तेव्हा सर्वांकडे एकच गाइड निघाले आणि त्यात तेच चुकीचे वाक्य छापलेले होते. मला गुणांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचे वाईट वाटले. मरणाच्या दारात असलेल्या वडिलांना त्रास द्यायचा नाही आणि आजारी पतीला काही कळू द्यायचे नाही, या कोंडीत सापडलेली ती बाई त्या नऊ जणांना भेटलीच नव्हती. ज्या दोन मुलींनी बरोबर लिहिले होते, त्यांची भाषा अडखळती होती, पण तारखांचा फरक दोघींनीही टिपला होता. तेव्हापासून नाटक शिकवायला घेण्याआधी मी ते वर्गात पात्रे वाटून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून घेतो. त्यात पाच-सहा तासिका जातात आणि ‘सर, पोर्शन कधी होणार?’ असे विचारणारे कोणीतरी दरवर्षी असतेच. पोर्शन होतो. गाइड वाचायचेच असेल तर मूळ पुस्तक दोनदा वाचून झाल्यावर वाचावे. तोवर त्यातील चुका तुम्हालाच दिसू लागतात.

दुसरी चूक शब्दार्थांची. प्रत्येक ओळीवर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहीत गेले की कविता समजली, असा एक समज आहे. अर्थ शोधायचा तोही मोबाइलवर, आणि पहिला दिसेल तो उतरवायचा. ‘हॅम्लेट’मध्ये पित्याच्या भुतामागे निघालेला हॅम्लेट सोबत्यांना बजावतो की, जो मला ‘लेट’ करील त्याचे मी भूत करीन. एका विद्यार्थ्याने त्यावर लिहिले होते, ‘जो मला जाऊ देईल त्याला मी ठार मारीन’. वाक्याचा अर्थ नेमका उलटा झाला, कारण त्या काळी ‘लेट’चा एक अर्थ अडवणे असाही होता. त्या जागी असा अर्थ कसा बसेल, हा प्रश्न त्याला पडला नाही, याची मला अधिक काळजी वाटते. माझी सवय अशी: आधी पूर्ण उतारा वाचायचा, अर्थ अंदाजाने लावायचा, आणि जिथे अंदाज जुळत नाही तेवढेच शब्द ग्रंथालयातील जाड शब्दकोशात पाहायचे. त्यात जुने अर्थही दिलेले असतात. वेळ लागतो, पण असा शोधलेला शब्द विसरत नाही.

केवळ फाडफाड इंग्रजी बोलता यावे म्हणून हा विषय घेऊ नये. ते काम वेगळे आहे आणि त्याला रोजचा सराव लागतो. व्याकरण बारावीपर्यंत झाले, असे समजू नये. लेखकांच्या नावांचे स्पेलिंग चुकवू नये.

मराठी वाचन सोडणे हीदेखील मी चूकच मानतो. विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि त्यांनीच ‘किंग लिअर’ मराठीत आणले. ज्या मुलांनी शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ वाचलेले असते, त्यांना लिअरचे दुःख समजावून सांगावे लागत नाही, हा माझा दरवर्षीचा अनुभव आहे.

आणखी एक. लहान महाविद्यालयात काही मिळत नाही, म्हणून मुले शहरातील क्लासच्या नोट्स झेरॉक्स करून आणतात. मात्र आमच्या ग्रंथालयातील कीट्सच्या कवितासंग्रहाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेल्या कागदावर शेवटचा शिक्का 2009 सालचा आहे. मोठ्या महाविद्यालयात शंभर जणांच्या वर्गात तुमचा निबंध कोणी ओळ न् ओळ तपासून देईलच, असे नाही. आमच्याकडे ते होते, फक्त तो निबंध स्वतः लिहिलेला असावा लागतो. दर शनिवारी एक पान लिहून विभागात आणून द्यावे. सोमवारी ते लाल शाईने भरून परत मिळेल. तेच पान पुन्हा लिहून मंगळवारी आणावे.