रेनफॉरेस्टबद्दल मुलांना सांगताना या चुका टाळा

दर जूनला आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत पर्यावरण दिनाचे तक्ते लागतात आणि पहिल्याच तक्त्यावर तेच वाक्य, अॅमेझॉनचं रेनफॉरेस्ट, म्हणजे धो धो पावसाचं सदाहरित जंगल, पृथ्वीची फुप्फुसं आहे, २० टक्के ऑक्सिजन तिथून येतो. नका लिहू हो हे! ते जंगल जेवढा ऑक्सिजन बनवतं तेवढा जवळजवळ सगळा तिथलीच झाडं, किडे आणि पाचोळा कुजवणारी बुरशी वापरून टाकतात, शिल्लक जवळपास शून्य. जंगल हवं ते पाण्यासाठी आणि कार्बनसाठी. झाडं मुळांनी पाणी ओढून पानांतून हवेत सोडतात, त्याचेच ढग होऊन पार लांब पाऊस पडतो, आणि खोडात साठलेला कार्बन झाडं जाळली की हवेत जातो. मी मुलांना आधी नळापाशी नेते. मुंबईला पाणी देणारे तलाव तानसा, वैतरणा, भातसा, हे सगळं पाणी डोंगरातून येतं, विहार आणि तुळशी तलाव तर आमच्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कातच आहेत. एवढं सांगितलं की पोरं स्वतःच प्रश्न विचारायला लागतात.

नॅशनल पार्कला मात्र रेनफॉरेस्ट म्हणू नका, ते मुख्यतः पानझडी आहे, एप्रिलमध्ये जाऊन बघा. खरं सदाहरित जंगल बघायचं तर आंबोली, कोयना, महाबळेश्वर.

दुसरी चूक बघून तर जीव तुटतो. पाचोळा म्हणजे कचरा! काही वर्षांपूर्वी एका उतारावर स्वच्छता आणि वृक्षारोपण असा कार्यक्रम होता, सकाळी दोन तासांत पोरांनी पाचोळा ओढला, कारवीची झुडपं उपटली, सगळं पेटवलं आणि गुलमोहर, सुबाभूळ लावून फोटो काढून घरी गेली. मी नको नको म्हणत होते पण सगळ्यांना घाई. पहिल्याच मोठ्या पावसात लाल माती खालच्या गटारात, आणि पुढच्या मेपर्यंत बोटावर मोजण्याइतकी रोपं उरली. धो धो पावसाच्या जंगलात मातीतलं सत्त्व वाहून जातं, झाडांचं अन्न असतं ते झाडांत आणि पाचोळ्यातच. म्हणून तर अॅमेझॉनमध्ये जंगल जाळून केलेली शेती दोन-चार वर्षांत दमते.

"इथलं तोडलं तर तिकडे लावू" हेही नको, रोपांची रांग म्हणजे जंगल नव्हे. जगातल्या जमिनीच्या जेमतेम ६-७ टक्के भागावर रेनफॉरेस्ट आहेत आणि जमिनीवरच्या निम्म्याहून जास्त जाती तिथे राहतात.

मी आता उतारावर काही उपटत नाही, आणि मे महिन्यात पाणी घालणारा माणूस ठरल्याशिवाय एकही रोप लावत नाही.