अडगळीच्या शेडमध्ये आठ कोंबड्यांचं खुराडं: पक्षी आणण्याआधीची तयारी

परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये कोंबड्या ठेवल्या की भिंती आणि छप्पर आयतं मिळतं. पण अशी शेड उभी करताना सामान भिजू नये एवढंच बघितलेलं असतं, आणि कोंबडीला सगळ्यात आधी लागते ती हवा. म्हणून पक्षी आणायच्या निदान पंधरा दिवस आधी कामाला लागा. खालचा हिशोब दहा बाय आठ फुटांच्या शेडचा, तिच्यातल्या सहा बाय चार फुटांच्या कोपऱ्याचा आणि आठ तलंगांचा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांचा) आहे. दिवसा परसात हिंडणाऱ्या पक्ष्याला रात्रीपुरती दोन चौरस फूट जागा चालते. इथे तीन मिळते, त्यामुळे पावसात दोन दिवस कोंडायची वेळ आली तरी त्या एकमेकींची पिसं ओढत बसणार नाहीत.

कोपरा निवडताना पश्चिमेची भिंत टाळा. दुपारनंतर तो पत्रा तापतो आणि रात्री उशिरापर्यंत धग सोडतो. पूर्व-उत्तरेचा कोपरा मिळाला तर सकाळचं ऊन येतं आणि पावसाळ्यातली नैऋत्येची झड थेट आत येत नाही. गावठाणात सहसा अडचण येत नाही, पण शहरात किंवा सोसायटीत असाल तर नगरपालिकेचा नियम आणि शेजाऱ्यांचं मत आधीच विचारून घ्या. नुसत्या अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, त्यामुळे पहाटेच्या आरवण्याचा प्रश्न उरत नाही.

मग शेड पूर्ण रिकामी करा. अर्धवट सरकवून भागत नाही. सांडलेले युरिया-डीएपीचे दाणे कोंबडी धान्य समजून टिपते. फवारणीची औषधं, उंदराचं विष, रंगाचे डबे या शेडमधूनच बाहेर जाऊ द्या, नुसते वरच्या फळीवर चढवू नका. पेरणीतून उरलेलं रंगीत बियाणंही तसंच: त्याला बहुधा थायरम हे बुरशीनाशक चोळलेलं असतं आणि ते पोटात गेलं की कोंबडी मऊ कवचाची अंडी घालते. जमीन झाडून झाली की दोरीला लोहचुंबक बांधून कोपऱ्यातून फिरवा. खिळे, वायसर, जाळीच्या तारेचे बोटाच्या पेराएवढे तुकडे निघतात. चमकणारी वस्तू कोंबडी गिळतेच, आणि तारेचा तुकडा पोटात रुतला तर पक्षी हातचा जातो.

आता पार्टिशन. कोंबड्यांच्या अंगाचा कोंडा आणि तुसाची धूळ फार बारीक असते. मध्ये नुसती जाळी लावली तर महिन्याभरात अवजारांवर, पोत्यांवर पांढरट थर बसतो. म्हणून सामानाच्या बाजूला खालपासून वरपर्यंत पत्रा किंवा प्लायवूड लावा आणि हवा बाहेरच्या दोन भिंतींतून घ्या. वळचणीखाली, बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या बऱ्याच वर, दोन्ही भिंतींना फूटभर उंचीची पट्टी पूर्ण लांबीभर कापा. विष्ठेतून सुटणारा अमोनिया आणि श्वासाचा दमटपणा तिथून निघून जातो आणि झोताचा वारा अंगावर येत नाही. थंडीत ही पट्टी गोणपाटाने गच्च बंद करण्याचा मोह आवरा. कोरडी थंडी कोंबडी सहज सोसते, पण कोंदट हवेने तिला सर्दी होते, डोळे चिकटतात.

जाळीवर पैसे वाचवू नका. षटकोनी कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. उघड्या भागाला अर्ध्या इंची भोकांची वेल्डमेश (तारा जोडांवर वेल्ड केलेली जाळी) हवी, खिळे वाकवून नाही तर पट्टी आणि स्क्रूने बसवलेली. जमिनीला कोबा नसेल तर हीच जाळी बाहेरच्या कडेने फूटभर खोल पुरा, नाहीतर घूस खालून येते. आणि जिथे जवळजवळ सगळे चुकतात ती जागा म्हणजे पन्हळी पत्रा भिंतीवर टेकतो तिथली वळणं. खालून पाहिलं तर पत्रा टेकलेला दिसतो, पण शिडीवर चढून बघा: प्रत्येक पन्हळीखाली दोन बोटं जातील एवढी फट असते. साप आणि उंदीर तिथूनच उतरतात. एकेक फट जाळीच्या गुंडाळीने किंवा सिमेंटने बुजवा. दाराला नुसती कडी पुरत नाही, कुत्र्याच्या धक्क्याने ती सुटते. कडीत खीळ घाला.

बसायला दांडी एकच, सहा फुटी. एका पक्ष्याला नऊ इंच धरले की आठ जणी नेमक्या मावतात. दीड-दोन इंच रुंद, कडा तासलेली लाकडी पट्टी घ्या. जमिनीपासून दोन फूट उंच आणि भिंतीपासून फूटभर लांब ठेवा. फुटका बांबू नको, त्याच्या चिरांत गोचीड आणि लाल माइट (बारीक रक्तपिपासू किडे) दिवसभर दडतात आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येतात. दांडी खाचेत नुसती ठेवा, ठोकू नका, म्हणजे काढून चुना लावता येईल. रात्री टॉर्च घेऊन दांडीच्या टोकाखालून पांढरा कागद फिरवला आणि त्यावर लाल ठिपके उमटले, तर तो चुना त्याच आठवड्यात लावायचा.

अंड्यांसाठी फूटभर लांबी-रुंदी-उंचीचे दोन खोके पुरतात, पण ते दांडीपेक्षा खाली हवेत. वर असले की कोंबड्या त्यातच झोपतात आणि अंडी घाण होतात. खोक्यांची पाठ पार्टिशनमधून सामानाच्या बाजूला काढा आणि तिथे बिजागरीचं झाकण बसवा. शेडमध्ये खुराडं करण्यातली खरी सोय हीच: भर पावसात, पाय न भरता अंडी काढता येतात.

खाली तीन इंच कोरडा भाताचा तूस. पाण्याचं भांडं विटेवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवा, म्हणजे तूस ओला होत नाही. आठ पक्ष्यांना दिवसाला दोन लिटर पाणी लागतं, एप्रिल-मे महिन्यांत चार. त्या दिवसांत पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात आणि वर उसाचं पाचट टाका. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते, आणि पारा चाळिशीपार गेला की बंद शेडमध्ये पक्षी दगावतात.

पूर्ण कोंडल्यास आठ कोंबड्यांना रोज साधारण नऊशे ग्रॅम खाद्य लागतं, परसात फिरत असतील तर निम्म्यावर भागतं. पावसाळ्यात पंधरा दिवसांपेक्षा जास्त साठा नको. दमट मक्याला आणि शेंगदाणा पेंडीला धरणारी बुरशी कोंबडीचं यकृत खराब करते, आणि ते खाद्य वाळवल्याने विष जात नाही. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा विटांवर ठेवा. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत द्या.

पिल्लांना ऊब द्यायची सोय नसेल तर दोन महिन्यांच्या वनराज, गिरिराज (या सुधारित जाती) किंवा गावरान तलंगा घ्या. लासोटा (मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लहानपणीची लस) आणि देवीची लस झाली आहे का, हे विकणाऱ्याला विचारा. आठ-दहा आठवड्यांची मानमोडीची आर-टू-बी लस सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. एक कुपी शंभरेक पक्ष्यांची असते आणि उघडल्यावर टिकत नाही, तेव्हा आळीतल्या इतर कोंबडीवाल्यांना गोळा करून एकच दिवस ठरवा.

आणल्यावर आठवडाभर त्यांना आतच ठेवा. आठव्या दिवशी मावळतीच्या तासभर आधी, उपाशीपोटी सोडा आणि अंधार पडताना खुराड्यात दाणे टाका. त्या रात्री एकेक मोजा. एखादी कमी भरली तर ती बहुधा शेडमागे किंवा जवळच्या झाडावर असते. अंधारात ती पळत नाही, अलगद उचलून दांडीवर बसवा.