फायबरच्या जुन्या शिडाच्या होडीचा मऊ पडलेला डेक कसा दुरुस्त करावा

डेकवर पाय टेकला की खाली दबतंय, चालताना करकर आवाज येतोय, कठड्याच्या खांबाभोवती बारीक चिरा दिसतायत. सत्तर-ऐंशीच्या दशकातली फायबरची होडी विकत घेतली की हे दुखणं बहुधा सोबत येतंच. गोव्यात बेतीला माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जुन्या होड्यांचं रडगाणं हेच असतं.

हा डेक तीन थरांचा असतो: वर फायबर, खाली फायबर, मधे बाल्सा लाकूड किंवा प्लाय. वरचा थर साधारण ३ ते ५ मिलिमीटर. मधलं लाकूड दोन्ही थरांना धरून ठेवतं, म्हणून डेक ताठ राहतो. ते कुजलं की वरचा थर एकटाच वाकतो. पण म्हणून लाकडाला दोष देऊ नका. गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधलेली नौदलाची शिडाची होडी ‘म्हादेई’ही लाकडी गाभ्यावर काचकापड आणि इपॉक्सी (हार्डनर मिसळला की घट्ट होणारं रेझिन) चढवून केलेली आहे. तिच्यातूनच दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. लाकडाला मारतं ते कठड्याचे खांब वगैरे डेकला जखडणाऱ्या बोल्टच्या भोकातून झिरपणारं पाणी. ते भोक नीट बंद होणार नसेल, तर पुढचं सगळं काम फुकट.

आधी नुकसान किती पसरलंय ते बघा. स्क्रू ड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने सगळा डेक ठोकत जा. चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. खडूने हद्द आखा. मग हद्दीच्या आत-बाहेर पाच मिलिमीटरची भोकं पाडा, फक्त वरच्या थरातून आणि लाकडातून. खालचा थर फोडायचा नाही. भुसा कोरडा, फिकट निघाला तर ठीक. काळा, ओला निघाला तर हद्द आणखी बाहेर सरकवा. प्लाय असेल तर पाणी आडवं बरंच लांब जातं, तेव्हा खडूच्या रेघेवर फार विसंबू नका.

भोकं पाडून आत पातळ इपॉक्सी सोडण्याचा सोपा उपाय कोणीतरी सुचवेलच. ओल्या लाकडाला इपॉक्सी चिकटत नाही आणि कुजका भुगा त्याने लाकूड होत नाही. वरून उघडा, हेच माझं ठाम मत.

काम दसऱ्यानंतर काढा आणि मार्चअखेर संपवा. आपल्या हवेत पावसाळ्यात उघडा डेक सुकणं विसराच.

कापण्याआधी केबिनमध्ये डेकला खालून प्लाय लावून टेकू द्या. वरचा आधार निघाला की खालचा थर लोंबतो आणि डेकचा बाक (किंचित कमानीसारखा आकार) कायमचा जातो. कापायची रेघ डेकवर पाय घसरू नये म्हणून असलेल्या खरखरीत पट्ट्यांच्या मधल्या गुळगुळीत जागेतून न्या, म्हणजे सांधा नंतर रंगात लपतो. कटरची खोली फक्त वरच्या थराएवढी ठेवा. निघालेला तुकडा जपा, तोच परत बसवायचा आहे. पटाशीने कुजकं लाकूड खरवडा, कडेच्या आतलंही. फायबरची धूळ अंगाला खाजवते आणि छातीत जाते, म्हणून चांगला मास्क आणि लांब बाह्या हव्यातच.

मग सुकवणं. इथेच सगळे घाई करतात. दिवसा ऊन, रात्री ताडपत्री, कारण डिसेंबर-जानेवारीत पहाटे दव पडतं. सुकलं वाटलं की उघड्या भागावर पारदर्शक प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी ऊन लागल्यावर आतून बाष्प धरलं तर अजून थांबा.

मासेमारीच्या होड्यांचं पॉलिएस्टर रेझिन इथे सहज मिळतं, पण जुन्या फायबरवर त्याची पकड इपॉक्सीएवढी नसते. इपॉक्सीच घ्या, हार्डनर मंद घ्या. दहा अंश तापमान वाढलं की जमायचा वेळ साधारण निम्मा होतो, तेव्हा थोडं थोडं कालवा आणि पसरट भांड्यात ठेवा. लाकडाला इपॉक्सी लावायची ती दुपार कलल्यावर. गरम लाकूड निवत जातं तेव्हा आतली हवा आकसते आणि रेझिन आत ओढलं जातं. सकाळी लावली तर लाकूड तापून हवा फुगते आणि बुडबुडे येतात.

नवा बाल्सा उभ्या तंतूंचा घ्या, जुन्याच जाडीचा. आधी नुसतं इपॉक्सी पाजा. मग सिलिका पावडर घालून चक्क्याएवढं घट्ट केलेलं इपॉक्सी खालच्या थरावर पसरून त्यात बाल्सा दाबा. वर प्लास्टिक आणि वजन. वजनाला जांभ्याचे चिरे नकोत, बाकावर टेकत नाहीत. रेतीच्या पिशव्या सगळीकडे सारख्या दाबतात. हे जमलं की इपॉक्सीचा तेलकट थर पाणी आणि स्क्रबरने धुवा, घासा. मग जुना तुकडा तसाच घट्ट इपॉक्सीवर बसवा. त्यात आधी बारीक भोकं पाडा, म्हणजे हवा निघेल. भोकाभोकांतून इपॉक्सी वर आलं की आत पोकळी राहिली नाही असं समजा.

सांध्याच्या दोन्ही बाजूंना थराच्या जाडीच्या बारापट रुंद उतार घासा, म्हणजे चार मिलिमीटरला जवळजवळ पाच सेंटिमीटर. त्यात शिवलेल्या बायअॅक्सियल (दोन दिशांना तंतू असलेल्या) काचकापडाच्या पट्ट्या बसवा. चॉप्ड मॅट (काचतंतूंच्या तुकड्यांची चटई) नको. तिचे तुकडे धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. पुट्टी, घासणं, रंग नेहमीसारखं.

आता ती बोल्टची भोकं. आठ मिलिमीटरच्या बोल्टसाठी सोळाचं भोक पाडा, खालून टेप लावा, कडेला पातळ इपॉक्सी पाजा आणि घट्ट इपॉक्सीने भरा. पूर्ण जमल्यावर मधोमध आठचं भोक पाडा. बोल्ट आणि लाकूड यांची पुन्हा कधी गाठच पडत नाही. भोकाचं तोंड किंचित खोलगट करा, बोल्टला ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) गुंडाळा आणि बोल्ट वर स्थिर धरून खालून नट फिरवा. बोल्ट फिरवलात तर टेप फाटतो. आत पाठीमागे सहा मिलिमीटरची प्लेट हवीच, वॉशरने भागत नाही. काही दिवसांनी टेप दबून बसतो, तेव्हा नट पुन्हा थोडे आवळा.

जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस लागला की आत बसून टॉर्चने एकेक नट बघा. ओला दिसला तर त्याच दिवशी वर तात्पुरता टेप मारा, आणि आकाश उघडताच तेवढा एक बोल्ट काढून परत बसवा.